मेंढरांना पाठ झालेला धडा

कन्सर्टिना शिकायची तर आधी दमायची तयारी ठेव, असं मार्थाबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मनात म्हटलं, दमायचं आम्हाला काय शिकवता बाई. त्या वर्षी आमच्या घरात न दमलेलं असं कोणी नव्हतंच. आबा म्हणजे माझा बाप दमलेला, माय दमलेली, मेंढरं दमलेली, कुत्रं तर भुंकायच्या आधी दहादा विचार करायचं. पण बाईंचं खरं निघालं. ते वाजवणं म्हणजे दोन्ही हातांची नुसती ओढाताण. सहा कोनांच्या दोन लाकडी फळ्या, मधे चामड्याचा घड्याघड्यांचा भाता आणि दोन्ही बाजूंना हाडाची पांढरी बटणं. हात चामडी पट्ट्यांत अडकवायचे, पेटी मांडीवर टेकवायची आणि हात जवळ-लांब करत बटणं दाबायची. ऐकायला सोपं आहे. पण बटण तेच, भाता दाबला तर एक सूर आणि ओढला तर दुसरा. हार्मोनियमवाल्याला हे सांगून बघा, तो हात जोडील. माझे दंड पहिल्याच आठवड्यात असे भरून आले की माझी वाकडी भाकर बघून माय म्हणाली, गाणं शिकायला जातीस का खडी फोडायला.

आम्ही मूळचे खुलताबादच्या वरच्या डोंगरातले. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. दुष्काळाच्या दुसऱ्या साली डोंगरावर कुसळसुद्धा उरलं नाही, तेव्हा आबानं कळप खाली शहराकडं आणला. सगळे म्हणाले, येडा झालास का, माणसं शहरात जातात, मेंढरं नाय. पण आबाचा विचार वेगळा होता. लष्कराच्या छावणीच्या पलीकडं, पडेगावच्या अलीकडं, मोकळ्या माळावर तेव्हा नवी वसाहत उठत होती. फक्कीनं आखलेले प्लॉट, कोपऱ्यात रोवलेले दगड, कमरेएवढ्या भिंती, विटांचे ढीग. तिथं राखणदार पाहिजे होता. राहायला पत्र्याचं खोपटं होतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी होतं. भिंतींना पाणी मारायला टँकर यायचा, सिमेंटच्या हौदात रिकामा व्हायचा, आणि गवंड्यांचं भागल्यावर तळाला उरंल ते मेंढरांनी प्यायचं, असं आबानं मुकादमाशी ठरवून घेतलं. गावोगावच्या विहिरी कोरड्याठाक आणि इथं भिंती सकाळ-संध्याकाळ पाणी पीत होत्या. आबाला ह्याचा राग यायचा नाही. पितात तर पिऊ दे, त्यांच्या उष्ट्यावर आपली जगतील, असं म्हणायचा. पाऊस पडेपर्यंत कळप तगवायचा, बापाकडून आलेला कळप आपल्या हातात संपू द्यायचा नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. बिरोबापुढं त्यानं तसा शब्द दिला होता.

त्या खोपट्यात आम्ही तिघं राहायचो. थोरला भाऊ भीमा चिकलठाण्याकडं एका कारखान्यात लागला होता आणि तिकडंच मित्रांबरोबर खोली करून राहायचा, सुट्टीला यायचा. दिवस उजाडायचा तो मेंढरांच्या खोकण्यानं. जाळीच्या कुंपणात, त्याला आम्ही वाघूर म्हणतो, ती एकमेकांना चिकटून बसलेली असायची आणि एक खोकलं की सगळी खोकायची. मग गवंड्यांच्या थाप्या सुरू व्हायच्या, विटा फुटायच्या, वाळू चाळली जायची. दुपारी पत्रे तापून कुरकुरायचे. खायला रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. त्याची भाकर थापताना चिरायची आणि गार झाली की चपलेच्या तळव्यासारखी व्हायची. सोबत हुलग्याचं माडगं नाहीतर नुसता मिरचीचा ठेचा. लोक त्या भाकरीला नावं ठेवायचे, आम्हीही ठेवायचो, पण उरलेली मी कधी पाहिली नाही. आज माझी नात ताटात अर्धी पोळी टाकून उठते आणि मी काही बोलत नाही. बोलून काय व्हायचंय. ह्या वयात उपदेश करायचाही कंटाळा येतो.

मार्थाबाई छावणीत बाजाराच्या मागं राहायच्या. कौलारू दोन खोल्या, दारात वाळून गेलेली मेंदी. तरुणपणी त्या मिशनच्या बायांबरोबर खेडोपाडी फिरलेल्या. पारावर उभं राहून ही कन्सर्टिना वाजवायच्या आणि ख्रिस्ती गाणी म्हणायच्या. आता सांधेदुखीनं बोटं वाकडी झाली होती. चहाचा कपही दोन्ही हातांनी धरायच्या. नवरा वारलेला, मुलगी पुण्याला नर्स. डॉक्टरनं त्यांना शेळीचं दूध सांगितलं होतं आणि आमच्या कळपात चार-दोन शेळ्या होत्या, म्हणून मी रोज सकाळी तांब्या घेऊन जायची. एके दिवशी गेले तर त्या ही पेटी मांडीवर घेऊन पुसत बसलेल्या. हे काय, म्हणून मी विचारलं. त्यांनी दाखवायला म्हणून हात घातला. एक बटण दबलं, पुढच्याला बोट पोचेना. मग त्यांनी ती माझ्यापुढं केली. "तू ओढ," म्हणाल्या. "मला नुसतं ऐकू दे." मी ओढलं. असला आवाज निघाला की खिडकीतलं मांजर उठून बाहेर गेलं. मार्थाबाईंनी मात्र डोळे मिटून घेतले होते.

पुढं शेळ्या आटल्या, दूध बंद झालं, तरी मी जात राहिले. बाईंनी कधी विचारलं नाही की आता कशाला येतेस. गाणं त्यांनी शिकवलंच नाही, एकच धडा. तीन बटणं, पाच सूर. दाब, ओढ, दाब, ओढ, दाब, अशी चढण चढायची आणि त्याच वाटेनं खाली उतरायचं. ह्यात अवघड काय, असं वाटतं ना? मी निम्म्यावर चुकायची. दाबायच्या जागी ओढायची, मग भाता पुरता उघडून जायचा, हात लांब आणि सूर बाकी. उजव्या अंगठ्याखाली एक मुकं बटण असतं. ते दाबलं की आवाज न होता हवा आत-बाहेर होते आणि भाता जागेवर येतो. ते बटण दाबायचं मला कधी आठवायचं नाही. बाई म्हणायच्या, कौसा, दम संपल्यावर दम शोधू नकोस, असतो तेव्हाच घेऊन ठेव. शिवाय हवा इतकी कोरडी की लाकूड आकसायचं आणि कुठलंतरी बटण आपोआप वाजत राहायचं. धूळ आतल्या पितळी पत्तीत अडकली की एखादा सूर मुकाच व्हायचा. मग बाई सांगायच्या तसं मी वरची फळी उघडायची आणि पातळ कागद पत्तीखालून सरकवून धूळ काढायची. कागदावर लाल माती यायची, आमच्या माळाचीच.

शेवटी शेजारच्यांनी तक्रार केली. रोज तेच तेच वाजतंय, डोकं उठलं, म्हणे. त्यांचं काय चुकलं? मलासुद्धा उठायचं. तेव्हा बाईंनी पेटी सहा कोनांच्या डब्यात घालून माझ्याकडं दिली आणि माळावर बसून वाजवत जा म्हणाल्या. मायनं ती पिठाच्या रिकाम्या डब्यावर, उंदरांपासून लांब ठेवली. आबानं उचलून पाहिली, भाता ओढून नाकाशी नेला, वास घेतला आणि कातडं बकऱ्याचं आहे असा निकाल दिला. मग म्हणाला, लोहार व्हायचंय का तुला, भाता तर आला घरात. त्यानंतर तो मला लोहारीणच म्हणायचा. लोहारीण उठली का, लोहारणीला भाकर दिली का. मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं, कारण त्या दिवसांत आबा दुसरं काही हसण्यासारखं बोलत नव्हता.

आपली पेटी कुठल्या जागी राहते हे बघायला मार्थाबाई एकदा रिक्षा करून आल्या. मायनं गोधडी अंथरली.  मग बाईंनी कळपाकडं पाहत सांगितलं की त्यांच्या देवालाही मेंढपाळच म्हणतात. आबाला हे नवीन होतं. तो सरसावून बसला आणि विचारू लागला की कळप केवढा होता, मेंढरं काळी का पांढरी, कुत्रं पाळलं होतं का. बाईंना जमेल तसं त्या सांगत होत्या. एक हरवलं तर बाकीची सोडून तो त्या एकाला शोधायला जायचा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आबानं मान हलवली. बाकीच्यांपाशी कोण थांबलं होतं, म्हणाला. बाई हसल्या आणि म्हणाल्या की आयुष्यभर हे सांगत फिरले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आबा हसला नाही. त्याला खरोखरच काळजी वाटत होती.

माझं वाजवणं विटांच्या ढिगावर चालायचं. तिथून सडक दिसायची आणि टँकर लांबून कळायचा. टँकरची वेळ ठरलेली नसायची. कधी सकाळी, कधी दुपार टळल्यावर. गवंडी पाणी घेऊन मोकळे झाले की लगोलग मेंढरं हौदावर आणावी लागायची, कारण थोडा जरी उशीर झाला की आजूबाजूच्या बाया घागरी घेऊन यायच्या, आणि माणसाला नाही म्हणायचं आबाच्या जिवावर यायचं. मेंढरं तर सगळ्या प्लॉटांत पांगलेली, कागद आणि सिमेंटच्या पिशव्या चघळत. आबा हाळी द्यायचा, पण धुळीनं त्याचा घसा बसलेला. मी आपली वाजवतच असायची. टँकर आला, तरी हातातला धडा पुरा करूनच उठायची. असे दिवसांमागून दिवस गेले आणि एकदा आबाच्या ध्यानात आलं की हाळी देण्याआधीच मेंढरं हौदाकडं निघालीत. त्यानं मला सांगितलं की आता टँकर नसताना वाजवायचं नाही. मला पटेना. मग शिकायचं कधी? तो म्हणाला, लांब खाम नदीच्या पात्रात जाऊन वाजव, पण इथं वाजलं की पाणी असलंच पाहिजे. मुक्या जनावराला एकदा फसवलं की ते परत आपल्या आवाजाला येत नाय. म्हणून सराव नदीच्या कोरड्या पात्रात आणि हौदापाशी फक्त पाण्याचं बोलावणं, अशी वाटणी झाली. काजळी नावाची म्हातारी मेंढी होती, डोळ्याभोवती काळी कडा असलेली. ती तर पहिल्या चढणीलाच मान वर करायची आणि चालू लागायची. तिच्या मागं सगळी. माझं वाजवणं चुकलं तरी ती यायची. एवढं कौतुक मला पुढं कुणाकडून मिळालं नाही.

उन्हाळा वाढला तशी मेंढरं मरायला लागली. रोज नाही, पण दोन-चार दिवसांनी एखादं सकाळी उठायचंच नाही. आबा त्याला खांद्यावर टाकून लांब नेऊन पुरायचा. कोणी म्हणालं कातडं तरी काढ, तर तिकडं लक्ष द्यायचा नाही. भीमा सुट्टीला आला की दोघांत वाजायचं. त्याचं म्हणणं, अजून जीव आहे तोवर विकून टाक; पावसाची वाट बघत बसशील तर पाऊस येईल आणि भिजायला एकही नसंल. आबा म्हणायचा, मग मी काय करू, तुझ्यासारखं मशीन फिरवू? भीमा वाईट नव्हता. रात्रपाळी करून डोळे लाल झालेला तो, येताना मायसाठी गूळ आणायचा. त्यालाही कळपातल्या प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं. पण तो मोजत होता आणि आबा मोजायला तयार नव्हता.

मग वसाहतीचं काम थांबलं. का थांबलं ते आम्हाला कोण सांगणार. मुकादम येऊन एवढंच म्हणाला की आजपासून टँकर बंद, राखण करायची तर कर. त्या दिवशी हौदाच्या तळाला जो चिखल होता तो मेंढरांनी चाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौदाचं सिमेंट चाटलं. आबा हौदाच्या काठावर बसून ते बघत राहिला. माय त्याच्याशेजारी जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं आबा उठून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, भीमाला निरोप धाड, गाडी घेऊन ये म्हणावं. एवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले ते मला दिसत होतं. मीच रडले. तो रडला नाही, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

भीमा एक व्यापारी गाठून ट्रक घेऊन आला तो सकाळीच. मेंढरं कुठं नेणार हे कोणी विचारलं नाही. मागची फळी खाली टेकवली, पण एक मेंढरू वर चढेना. त्यांनी जन्मात ट्रकवर पाय ठेवला नव्हता, शिवाय अंगात त्राण नाही. व्यापाऱ्याच्या माणसांनी लोकरीला धरून ओढायला सुरुवात केली. आबा धावला. लोकरीला हात घालायचा नाय, कातडी सुटते, म्हणत त्यानं त्यांचे हात सोडवले. एकेकाला कवेत उचलून चढवायला गेला. दोन चढवली आणि त्याला धाप लागली. चढवलेली परत उड्या मारून खाली आली. व्यापारी घड्याळ बघायला लागला. ऊन चढत होतं. मग भीमा माझ्याकडं वळला. "कौशे," तो हळूच म्हणाला, "तुझी पेटी आण."

 मायनं पदर तोंडाला लावला. मी आबाकडं पाहिलं आणि म्हटलं, "आबा, पाणी नाय ना."

 आबा ट्रककडं, मेंढरांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "वाजव. पाण्याचं मी बघतो."

भीमानं मला हाताला धरून ट्रकवर चढवलं. मी केबिनच्या पाठीला टेकून बसले, हात पट्ट्यांत घातले.  दाब, ओढ, दाब, ओढ, दाब. काजळीनं मान वर केली. मी सूर खाली उतरवले आणि परत चढवले. एवढे महिने ज्यात चुकत होते तो धडा त्या दिवशी एकदाही चुकला नाही. चुकला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. काजळी फळीवर पाय ठेवून जराशी थबकली आणि वर आली. तिच्या मागं बाकीची, ढकलत, अडखळत, कोणी न ओढता. ट्रक भरला. माझ्या गुडघ्यांना, पोटाला सगळीकडून नाकं लागली होती. पाणी कुठाय म्हणून ती माझ्या हातांचा, भात्याचा वास घेत होती. व्यापाऱ्याच्या माणसानं फळी वर उचलली.

"थांबा," आबा म्हणाला.

तो खोपट्यात गेला आणि आमचा पिण्याचा हंडा खांद्यावर घेऊन आला. आदल्या दिवशी मायनं छावणीतल्या नळावर अर्धा दिवस उभं राहून आणलेलं पाणी. गवंड्यांचं एक घमेलं पडलेलं होतं ते त्यानं वर माझ्याकडं दिलं आणि ओतायला लागला. व्यापारी म्हणाला, अहो काय करता, रस्त्यात सांडंल, उशीर होतोय. आबानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "हे वाजलं की पाणी असतं," म्हणाला. "त्यांना तेवढंच ठावं हाय." भीमा म्हणाला, आबा, आपण काय प्यायचं? तोवर माय उरलेली घागर घेऊन आली होती. पाठोपाठ तिनं चुलीपाशी झाकून ठेवलेला तांब्याही आणला.  मी घमेलं पुढं पुढं सरकवत होते. मेंढरं एकावर एक चढून पीत होती, घमेलं कलंडत होतं, अर्धं लाकडात मुरत होतं. पाणी संपलं तेव्हा भीमानं मला खाली उतरवलं. ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. जाळीचं कुंपण तसंच उघडं राहिलं होतं आणि कुत्रं आत जाऊन हुंगत होतं.

माणसं मला विचारतात, पुढं शिकलीस का. शिकले की. मार्थाबाई होत्या तोवर त्यांच्यापाशी शिकले, गाणी शिकले, बालवाडीत चाकरी लागली तिथं वर्षानुवर्षं पोरांपुढं वाजवलं. ते सगळं पुढचं. आता बोटं बाईंसारखीच वाकली आहेत आणि भाता ओढायचा म्हटलं की नको वाटतं. ती वसाहतही पुढं पुरी झाली. घरांवर घरं चढली आणि हौद कुठं होता ते मला दाखवता येणार नाही.

ट्रक गेल्यावर माय शेजारच्या वस्तीतून तांब्याभर पाणी मागून घेऊन आली. माणसं देतात, दुष्काळात जास्तच देतात. तिनं तांब्या आधी आबापुढं धरला. भीमा कुंपणाची जाळी गुंडाळत होता, आबाकडं पाठ करून. आबानं तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "सगळ्यांना पोचलं का गं?"

पाणी पाजताना मी ट्रकवर होते. फळीजवळची, सगळ्यात शेवटी चढलेली, तिथं घमेलं गेलंच नव्हतं. ती माना ताणून बघत होती आणि पाणी संपलं होतं. हे फक्त मला दिसलं होतं. माय माझ्याकडं बघत होती. भीमाचे हात थांबले होते.

"पोचलं," मी म्हणाले. "सगळ्यांना पोचलं आबा."

मग तो प्याला.